एकशे नऊ अंगठे

पद्मिनी नेरूरकर चंदीगडला आली ती नवऱ्याच्या नोकरीमागे. गुरुनाथ सेक्टर तीसच्या सरकारी उपकरण प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. तिथेच क्वार्टर मिळालं. तिथे आंब्याची झाडं होती, पण मूळच्या कुडाळच्या गुरुनाथला ती आंब्याची वाटेनात, कारण फळ लोणच्यापलीकडे जात नसे. पद्मिनी सावंतवाडीच्या सरकारी दवाखान्यात सहा वर्षं नर्स होती. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं तिने घर आणि लहानगी लेक नयना सांभाळली. शाळेत जायला लागल्यापासून नयना आईचं मराठी ऐकून हिंदीत उत्तर द्यायची. मग पद्मिनीनेही हिंदी पक्की केली, थोडी पंजाबीही उचलली, आणि एक दिवस नवऱ्याला म्हणाली, "हात रिकामे ठेवून मला जमायचं नाही."

तिला काम मिळालं ते डॉक्टर कृष्णकांत गोखल्यांच्या प्रकल्पात. हे डॉक्टर मूळचे वाईचे, पंधरा वर्षं उत्तरेत काढलेले. गरीब वस्त्यांमधल्या लहान मुलांच्या अंगात रक्त कमी का असतं आणि लोहाच्या नव्या थेंबांनी ते किती वाढतं, याचा त्यांना ध्यास होता. परदेशातल्या एका संस्थेकडून निधी मिळाला, सेक्टर एकोणीसमधल्या एका कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, खालचा मजला भाड्याने घेतला गेला आणि मनीमाजऱ्याच्या पुढे, रुळांपलीकडची मजुरांची वस्ती निवडण्यात आली. हे शहर ज्यांनी विटेवर वीट ठेवून उभं केलं, त्यातले बरेच जण तिथे राहात. उत्तर प्रदेश-बिहारातल्या गोंडा, बस्ती, छपरा अशा भागांतून आलेली माणसं. डोक्यावर ताडपत्री, पायाखाली चिखल, आणि दवाखाना म्हणाल तर चार किलोमीटरवर.

पद्मिनीचं काम सोपं होतं. घरोघर जायचं, तीन वर्षांखालच्या मुलांची वजनं करायची, लशी टोचायच्या, दंडातून थोडं रक्त काढायचं आणि आईबापांचा अंगठा संमतीपत्रावर घ्यायचा. ते संमतीपत्र इंग्रजीत, दोन पानांचं, बारीक अक्षरात. मोबदल्यात प्रत्येक घराला एक पिवळं कार्ड मिळे. त्यावर बापाचं नाव, मुलाचं नाव, वजन, पत्ता आणि खाली प्रकल्पाचा गोल शिक्का.

वस्तीत लहान मूल असलेली एकशे बारा घरं होती. दीड महिन्यात एकशे नऊ घरांनी अंगठा दिला.

"पद्मिनीबाई, तुमच्या हाताला यश आहे हो!" डॉक्टर म्हणाले. "मागे पाहणीला आलेल्या दिल्लीच्या माणसांना निम्म्या घरांनीसुद्धा दारात उभं केलं नव्हतं."

पद्मिनीला त्या दिवशी फार बरं वाटलं. घरी जाऊन तिने साखरभात केला.

ते अठ्ठ्याऐंशी साल होतं. पंजाबात रोज कुठे ना कुठे गोळ्या झाडल्या जात. चंदीगडच्या बसमध्ये बॉम्बच्या भीतीने बेवारस ट्रान्झिस्टरला हात लावू नका अशी पाटी असायची आणि लोक बसायच्या आधी सीटखाली वाकून पाहायचे. चौकाचौकात वाळूची पोती रचलेली, त्यांच्याआड जवान. कुणी कोण आहे, कुठून आला, काय कागद आहे, हे कधीही विचारलं जाई. ज्याच्याकडे कागद नाही त्याला बाजूला उभं करत.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी पद्मिनीची बस मनीमाजऱ्याच्या अलीकडे नाक्यावर थांबवली. बाप्यांना खाली उतरवलं. पद्मिनी खिडकीशी बसली होती. रांगेत तिला ओळखीचा चेहरा दिसला. रघुवीर मिस्त्री, गवंडीकाम करणारा. वस्तीतल्या कांचनचा नवरा. त्याच्या पुढच्या माणसाला जवानाने विचारलं, "कागद?" त्याच्याजवळ काही नव्हतं, त्याला बाजूला काढलं. रघुवीरची पाळी आली. त्याने शर्टाच्या खिशातून प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेलं काहीतरी काढलं, उलगडलं आणि दोन्ही हातांनी पुढे धरलं.

ते पिवळं कार्ड होतं.

जवानाने शिक्का पाहिला, नाव विचारलं, पत्ता विचारला आणि मान हलवून त्याला सोडलं.

रघुवीर बसमध्ये चढला. पद्मिनीला पाहून त्याचा चेहरा उजळला. "बहनजी! आपके कार्ड ने तो जान बचा रखी है. पहले तीन बार थाने में बैठाया था. अब कोई हाथ नहीं लगाता."

आजूबाजूच्या दोघांनी वळून पाहिलं. पद्मिनी हसली, पण उरलेल्या वाटेत तिची नजर त्याच्या खिशावरच होती.

वस्तीत गेल्यावर ती सरळ कांचनच्या दारात गेली. कांचन चोवीस-पंचवीसची, काटक. वाळूच्या ढिगाशी बसून दीड वर्षाच्या मुलाला भात भरवत होती. पद्मिनी तिच्या शेजारी उकिडवी बसली.

"कांचन, खरं सांग. मुलाच्या रक्तासाठी अंगठा का दिलास?"

कांचनने हातातला घास मुलाच्या तोंडात घातला. मग म्हणाली, "कार्डासाठी."

"आणि रक्त कशासाठी काढलं, ते?"

"ते तुम्हाला माहीत. वस्तीत म्हणतात, रक्त विकतात. काहीजण म्हणतात, सरकार मोजतंय. आम्ही काय विचारणार? नाही म्हटलं तर कार्ड जाईल, कार्ड गेलं तर याचा बाप जाईल."

"पण मी सांगितलं होतं की, अभ्यासाचं आहे..."

"तुम्ही सांगितलं, बहनजी," कांचन शांतपणे म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते अधिकच लागलं. "तुम्ही सांगितलं, इथे अंगठा लाव. विचारलं कुठं?"

त्या दिवशी पद्मिनीने एकाही मुलाचं वजन केलं नाही. ती दारोदार फिरली आणि एकच प्रश्न विचारत गेली. बारा घरं झाल्यावर ती थांबली, कारण उत्तर बाराही घरांत सारखंच होतं.

संध्याकाळी गुरुनाथ घरी आला तेव्हा ती स्वयंपाकघरात तशीच बसली होती, डाळीखालचा गॅस बंद.

"काय गो, आज गप्प गप्पशी?"

तिने सगळं सांगितलं. गुरुनाथ यंत्रांचा माणूस. प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक उपकरणाचा काटा आधी शून्यावर आणून मगच तो पुढचं काम करी. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, "म्हणजे काटाच शून्यावर नव्हता. मग पुढचे आकडे कितीही चांगले आले तरी काय उपयोग?"

"आकड्यांचं डॉक्टर बघतील. मला त्या बायका दिसतात. त्यांनी भीतीने पोरांचे हात पुढे केले आणि मी त्यात सुई घातली. वर कौतुक करून घेतलं."

गुरुनाथने डाळीखालचा गॅस पेटवला. "डॉक्टरांना सांगशील तर ते चिडतील."

"चिडू देत."

"मग उद्याच सांग. परवावर टाकलंस की तुझं तूच तुला समजावत बसशील."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर गोखले चहा घेत होते. तेवढ्यात ती समोर उभी राहिली. सगळं ऐकून त्यांनी कप खाली ठेवला.

"त्यात एवढं काय बिघडलं, पद्मिनीबाई? कार्डाने त्यांचं रक्षण होतंय. आमचं काम होतंय. कुणाचंच नुकसान नाही."

"डॉक्टर, ती माणसं हो म्हणाली ती आपल्याला नाही. नाक्यावरच्या बंदुकीला हो म्हणाली."

डॉक्टर उठून खिडकीपाशी गेले. ते वाईट माणूस नव्हते. सहा वर्षं या एका प्रश्नामागे घालवलेला माणूस होता. "तुम्हाला कल्पना आहे का, हे औषध चाललं तर किती लाख मुलांचं भलं होईल? आता सगळं उलटं करायचं म्हणजे ती माणसं जातील. आणि गवंड्याच्या बायकोला कोण समजावणार, की निम्म्या मुलांना खरं औषध आणि निम्म्यांना गोड पाणी?"

"मी समजावते. मला पंधरा दिवस द्या."

"आणि सगळी निघून गेली तर?"

"तर ती कधी आलीच नव्हती, एवढं तरी कळेल."

पद्मिनीने ठरवून आणलेलं बोलून टाकलं. "आधी कार्ड सगळ्यांना द्या, अभ्यासात असोत की नसोत. मुलं तर आपण सगळीच तोलतो. आणि कार्डाचा आणि रक्ताचा संबंध नाही, हे तुमच्या सहीनिशी लिहून द्या. मग मी पुन्हा विचारते. नाहीतर उद्यापासून मी वजनं करीन, लशी टोचीन, पण अंगठा घेणार नाही."

"तुम्ही मला धमकी देताय?"

"नाही, डॉक्टर. तुम्हाला मदत करत्येय. पण ती तुम्हाला आज दिसायची नाही."

डॉक्टरांनी तिला जा म्हटलं. ती गेली. दुपारी चपरासी तिला पुन्हा बोलवायला आला. डॉक्टरांच्या टेबलावर कोऱ्या पिवळ्या कार्डांचा गठ्ठा होता, आणि वर एक चिठ्ठी, त्यांच्या अक्षरात: कार्ड सर्व कुटुंबांना, कोणत्याही अटीविना. खाली सही.

"पंधरा दिवस," ते म्हणाले. "सोळावा नाही. तोवर औषधाची एकही बाटली वस्तीत जाणार नाही."

पद्मिनीने आधी कार्डं वाटली. मग संमतीपत्र पुन्हा लिहायला बसली आणि पहिल्याच ओळीला अडली. कागदी हिंदीत लिहिलेलं वस्तीत कुणाला कळलं नसतं. म्हणून तिने वहीच कांचनकडे नेली. कांचनला लिहिता येत नव्हतं, पण पद्मिनीने वाचलेलं वाक्य कुठे अडतं ते ती बरोबर सांगे. "नमूना म्हणजे काय? रक्त म्हणा ना!" किंवा, "'स्वेच्छा' नको. 'तुमची मर्जी' म्हणा." चार दुपारी त्या दोघी अशाच बसल्या. दोन पानांचं अर्धं पान झालं.

गोड पाण्याचा भाग सांगायला पद्मिनीने दोन सारख्या रिकाम्या बाटल्या नेल्या. बायका गोळा झाल्या. "एकीत औषध असणार, एकीत नुसतं गोड पाणी. कुठल्या मुलाला कुठली, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. शेवटी दोन्हींतला फरक पाहून औषध चालतं का ते कळणार. मलाही माहीत नसणार."

"बहनजीलाही माहीत नसणार!" एक म्हातारी खो खो हसली. सगळ्या हसल्या. पण कांचन हसली नाही.

"आणि समजा माझा पोरगा फार अशक्त निघाला," ती म्हणाली, "आणि त्याच्या वाट्याला गोड पाणी आलं. तर तुम्ही वर्षभर बघत बसणार?"

पद्मिनीने बाटल्या खाली ठेवल्या. आजवर कुणीच हा प्रश्न विचारला नव्हता. तिनेही नाही. "याचं उत्तर माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "विचारून येते."

डॉक्टरांपुढे तिने तो प्रश्न कांचनच्याच शब्दांत ठेवला. त्यांनी पेन्सिल हातात घेतली, ठेवली, परत घेतली. पहिल्या फेरीतल्या रक्ताच्या तपासणीत नऊ मुलं अगदी पांढरीफटक निघाली होती. तीही चिठ्ठ्यांतच जाणार होती, कारण कागदावर तसं ठरलं होतं.

"कोणी विचारलं हे?"

"रघुवीर मिस्त्रीच्या बायकोने."

डॉक्टरांनी कागद ओढला. "ज्यांचं रक्त फार कमी, ती मुलं अभ्यासात नाहीत. त्यांना आजपासून औषध. आणि अभ्यास संपल्यावर गोड पाण्याच्या सगळ्या मुलांना खरं औषध, आपल्या खर्चाने." ते लिहून त्यांनी सही केली आणि कागद तिच्या हातात देताना म्हणाले, "हे मला सुचायला हवं होतं."

पद्मिनीने त्या दोन ओळी संमतीपत्रात घातल्या आणि त्याच संध्याकाळी त्या नऊ घरांत औषध पोचवलं.

सगळ्यांना पुन्हा विचारण्यासाठी तिने रविवार ठरवला होता, कारण त्या दिवशी बापेही घरी असत. पण शनिवारी पंजाबात कुठेतरी बसमधून उतरवून माणसं मारल्याची बातमी आली. शहर गपगार झालं. रविवारी बंद. बसेस नाहीत, दुकानं नाहीत, सेक्टर सतराच्या चौकात कबुतरं तेवढी.

"पुढच्या रविवारी ठेव," गुरुनाथ म्हणाला.

"मी शब्द दिलाय. आणि भीतीच्या दिवशीच त्यांना कळायला हवं, की नाही म्हटलं तरी चालतं."

गुरुनाथने स्कूटर काढली. मनीमाजऱ्यापर्यंत त्यांना पाच नाक्यांवर थांबवलं. प्रत्येक नाक्यावर पद्मिनीच्या मांडीवरच्या पिशवीत काय आहे ते दाखवावं लागलं. पिशवीत एकशे नऊ जुने इंग्रजी कागद होते, निळ्या अंगठ्यांचे. शेवटच्या नाक्यावरच्या सरदार हवालदाराने ते उलटसुलट केले आणि इतक्या अंगठ्यांचं काय करणार, ते पंजाबीत विचारलं. "एन्ने अंगूठे? की करना है इनका, भैणजी?"

"परत करायचेत," ती म्हणाली. त्याला ते समजलं की नाही कोण जाणे, पण त्याने सोडलं.

वस्तीतल्या हापशाच्या चौथऱ्यावर सगळे जमले होते. पद्मिनीने एकेक नाव पुकारलं आणि प्रत्येकाचा कागद त्याच्या हातात परत दिला. "हा तुमचा अंगठा. मी तो नीट न विचारता घेतला होता. फाडा, जाळा, ठेवा. कार्ड तुमचंच राहणार, काहीही झालं तरी."

मग तिने नवीन अर्धं पान मोठ्याने वाचलं. दोनदा वाचलं. प्रश्न आले तेवढ्यांची उत्तरं दिली. आणि एकेका घराशी, बाजूला जाऊन, बोलली. ज्यांना विचार करायला वेळ हवा होता त्यांना संध्याकाळी सांगा म्हटलं.

औषध सुरू झालेली नऊ घरं अभ्यासाबाहेर होती; उरलेल्या शंभरांपैकी संध्याकाळपर्यंत साठ घरं हो म्हणाली. चाळीस नाही. शिवाय पहिल्यांदा ज्या तिघांनी नकार दिला होता त्यातला एक म्हातारा आला आणि म्हणाला, "तेव्हा कुणी काही सांगितलं नव्हतं. आता कळलं. माझ्या नातवाला घ्या." म्हणजे एकसष्ट.

त्या चाळिसांत कांचन होती.

ती मुलाला कडेवर घेऊन पद्मिनीसमोर आली. "बहनजी, माझं नाही," ती म्हणाली. "मला सगळं समजलं, म्हणूनच नाही. अजून दोनदा सुई आहे. तो घाबरतो. त्याचं रक्त ठीक आहे म्हणालात ना? मग मला नको."

शेजारी उभ्या रघुवीरचा हात नकळत खिशाकडे गेला. "आणि कार्ड?"

"कार्ड तुमचं," पद्मिनी म्हणाली.

त्याने कार्ड काढलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. कांचनने जुना कागद पद्मिनीच्याच देखत चार तुकडे करून चुलीत टाकला.

पद्मिनी पुढे अनेकदा सांगायची, की तिच्या आयुष्यातला सगळ्यात अभिमानाचा क्षण तो. चार दुपारी आपल्या शेजारी बसून ज्या बाईने शब्द घडवले, तिनेच ते शब्द वापरून तिला नकार दिला. मागे साखरभात करताना झाला होता तो आनंद वेगळा आणि हा वेगळा. परतीच्या वाटेवर स्कूटरवर तिला रडू आलं.

सोमवारी डॉक्टरांनी आकडा वाचला. "एकसष्ट."

"हो, डॉक्टर."

"ज्यांनी नाही म्हटलं त्यांचं, आणि त्या नऊ मुलांचं काढलेलं रक्त?"

"तेही त्यांचंच."

डॉक्टरांनी स्वतः फ्रीज उघडला आणि एकोणपन्नास नळ्या बाजूला काढून नष्ट करायला दिल्या. मग परदेशातल्या संस्थेला लांबलचक पत्र लिहिलं, की अभ्यास एक वर्ष लांबेल, कारण आधीची संमती खरी नव्हती. आपली चूक असं त्यांनी त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पद्मिनीने ते टाइप होताना पाहिलं, आणि त्या दिवसापासून त्या माणसाबद्दल तिच्या मनात आदर बसला तो कायमचा.

आकडा भरून काढायला आणखी दोन वस्त्या घ्याव्या लागल्या. नव्या वस्तीत पद्मिनी पहिल्यांदा गेली तेव्हा दारं लागली. रक्त विकणारे आले, असं कुणीतरी ओरडलं. दुसऱ्या खेपेला ती कांचनला घेऊन गेली. कांचन हापशाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "मी यांना नाही म्हटलंय. माझं काहीही वाकडं झालं नाही. कार्डही आहे, पोराला लशीही मिळतात. आता यांचं ऐका, आणि मग काय ते ठरवा." दारं उघडली. नाही म्हणून दाखवणाऱ्या बाईवर लोकांनी विश्वास टाकला.

एक्याण्णव साली अभ्यास पूर्ण झाला. थेंबांनी रक्त वाढत होतं. डॉक्टरांना वाटलं होतं तेवढं नव्हे, पण नक्की वाढत होतं. गोड पाण्याच्या सगळ्या मुलांना कबूल केल्याप्रमाणे औषध मिळालं, आणि ते वाटण्याचं काम पद्मिनीने दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही. अहवालाच्या शेवटी ते अर्धं पान जसंच्या तसं छापलं. खाली लिहिणाऱ्यांची नावं होती: पद्मिनी नेरूरकर आणि कांचन, रुळांपलीकडची वस्ती, मनीमाजरा. डॉक्टर म्हणाले, आडनाव हवं. कांचन म्हणाली, वस्तीचंच लिहा.

पुढे इतर प्रकल्पांनी आपल्या नर्सेस पद्मिनीकडे शिकायला पाठवायला सुरुवात केली. ती पहिल्या दिवशी त्यांच्या हातात ना सुई देई, ना वजनकाटा. "वस्तीत जा, बोला, आणि एक नकार घेऊन या," ती सांगे. मुली गोंधळायच्या. सरोज म्हणून एक अंबाल्याची मुलगी तीन दिवसांनी रडवेली होऊन परत आली. "मॅडम, सगळे हो म्हणतात. कुणीच नाही म्हणत नाही."

पद्मिनीने तिला पाणी दिलं, खुर्ची दिली. "मग तू अजून विचारलेलंच नाहीस," ती म्हणाली. "चहा पी, आणि परत जा."